परीक्षा द्या, पदवी मागू नका : केंब्रिजमधल्या स्त्रियांची ७९ वर्षं

रँग्लर परांजपे हे नाव महाराष्ट्राला नवीन नाही. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकावर आले. तो क्रमांक त्यांच्यात आणि आणखी एका विद्यार्थ्यात विभागून होता. त्यांची मुलगी शकुंतला परांजपे केंब्रिजच्याच न्यूनम कॉलेजात शिकल्या आणि १९२९ मध्ये त्यांनीही तीच परीक्षा, म्हणजे गणिताची ट्रायपॉस, दिली. वडिलांना विद्यापीठाने पदवी दिली. लेकीच्या वेळी त्याच विद्यापीठात स्त्रियांना मिळत होती ती ‘पदवीची उपाधी’, म्हणजे नावापुढे बी.ए. लावायची परवानगी. मधल्या तीस वर्षांत एक महायुद्ध होऊन गेलं होतं आणि इंग्लंडमधल्या बायकांना मतदानाचा हक्क मिळाला होता. केंब्रिजची पूर्ण पदवी मात्र त्यांच्यासाठी १९४८ पर्यंत बंदच राहिली.

स्त्रियांना शिकू द्यायचं, परीक्षेला बसू द्यायचं, निकालही लावायचा, मग पदवीवरच एवढं का अडलं? हे कळायला केंब्रिजमध्ये पदवी म्हणजे काय होतं ते आधी पाहावं लागतं.

पदवी म्हणजे सभासदत्व

केंब्रिज आणि ऑक्सफर्डमध्ये कॉलेज वेगळं आणि विद्यापीठ वेगळं. कॉलेज विद्यार्थ्याला राहायला खोली देतं, जेवू घालतं, शिकवणी देतं. विद्यापीठ परीक्षा घेतं आणि पदवी देतं. कॉलेज काढायला विद्यापीठाची परवानगी लागतेच असं नव्हतं. जागा, पैसा आणि शिकवायला तयार असलेली माणसं असली की झालं. म्हणून स्त्रियांची कॉलेजं लवकर निघाली.

पदवीचं तसं नव्हतं. बी.ए. झालेला माणूस काही वर्षांनी, कसलीही नवी परीक्षा न देता, फी भरून एम.ए. होई. एम.ए. झाला की तो विद्यापीठाच्या सेनेटचा सभासद. मग तो केंब्रिज सोडून खेड्यातल्या चर्चचा पाद्री होवो की लंडनमध्ये वकील, नियम बदलायच्या प्रत्येक ठरावावर त्याला मत असे. आपल्याकडच्या गृहनिर्माण सोसायटीत भाडेकरू वर्षानुवर्षं राहतो, पाणी वापरतो, जिना चढतो. पण वार्षिक सभेत हात वर करतो तो सभासदच. केंब्रिजला स्त्रिया भाडेकरू म्हणून चालत होत्या.

लंडन विद्यापीठाचा साचा निराळा होता. ते मुळात परीक्षा घेणारं मंडळ. कुठेही शिका, आमची परीक्षा द्या, पदवी घ्या. तिथे पदवी देण्यात गमावण्यासारखं फारसं नव्हतं, आणि १८७८ मध्ये लंडनने सगळ्या पदव्या स्त्रियांना खुल्या केल्या. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये ह्याच साच्यावर उभं राहिलं होतं. त्याने १८८३ मध्ये दार उघडलं. त्यातून एक मोठी गंमत झाली. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. विलायतेला जायची सरकारी शिष्यवृत्ती पुरुषांसाठी राखीव असल्यामुळे ती नाकारली गेली, तेव्हा इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे उभे केले आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या. १८९२ मध्ये खास परवानगीने त्यांनी कायद्याची बी.सी.एल. परीक्षा दिली. पदवी हातात पडली १९२२ मध्ये. तीस वर्षं त्या मुंबईच्या पदवीधर होत्या आणि ऑक्सफर्डच्या नव्हत्या.

आधी शाळाच नव्हती

कॉलेजच्या आधीची अडचण शाळेची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमधल्या मध्यमवर्गीय मुलीला घरी गव्हर्नेस शिकवी, नाहीतर ती छोट्या खाजगी शाळेत जाई. फ्रेंच, पियानो, चित्रकला, भरतकाम, थोडा इतिहास. मुलगे सात-आठ वर्षांचे असताना लॅटिन सुरू करत, पुढे ग्रीक. मुलींच्या वाट्याला ह्यातलं काहीच नसे. त्यात गव्हर्नेस स्वतः असंच शिकलेली. तिचा पगार बऱ्याचदा वर्षाला ५० पौंडांच्या आत असे आणि तिचं ज्ञान तपासायची कुठलीच सोय नव्हती. १८४८ मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवर क्वीन्स कॉलेज निघालं ते आधी गव्हर्नेसनाच शिकवण्यासाठी. पुढच्याच वर्षी बेडफर्ड कॉलेज आलं. १८५० मध्ये फ्रान्सिस बस यांची नॉर्थ लंडन कलेजिएट शाळा सुरू झाली. चेल्टनमच्या लेडीज कॉलेजचा कारभार १८५८ पासून डोरोथिया बील यांच्याकडे आला. पंडिता रमाबाई १८८४ मध्ये जिथे गेल्या ते हेच चेल्टनम.

ह्या शाळा चांगल्या की वाईट हे ठरवायचं कसं? एमिली डेव्हिस नावाच्या पाद्र्याच्या मुलीने उत्तर काढलं : मुलग्यांना जी परीक्षा तीच मुलींना द्या. केंब्रिज विद्यापीठ शाळकरी मुलग्यांसाठी ‘लोकल’ परीक्षा घेई. डिसेंबर १८६३ मध्ये, जेमतेम सहा आठवड्यांच्या तयारीवर, ८३ मुलींनी त्याच प्रश्नपत्रिका खाजगीरीत्या सोडवल्या. वरच्या गटातल्या बहुतेक मुली अंकगणितात नापास झाल्या. डेव्हिसबाईंना ह्याचं वाईट वाटण्यापेक्षा उपयोगच जास्त झाला असावा. कारण नेमकं दुखणं कुठे आहे ते पहिल्यांदा आकड्यात दिसलं, शाळांनी गणिताची शिकवणी बदलली आणि १८६५ मध्ये ती परीक्षा मुलींना अधिकृतपणे खुली झाली.

दोन कॉलेजं, दोन डावपेच

ऑक्टोबर १८६९ मध्ये डेव्हिसबाईंनी हिचिन गावातल्या बेन्स्लो हाउस ह्या भाड्याच्या घरात पाच विद्यार्थिनींना घेऊन कॉलेज सुरू केलं. हिचिन केंब्रिजपासून सुमारे ४० किलोमीटर. तरुण मुली तरुण पुरुषांच्या गावात नकोत, म्हणून हे अंतर. शिकवणारे प्राध्यापक केंब्रिजहून रेल्वेने येत आणि परत जात. शिकवायचा वेळ गाडीच्या वेळापत्रकावर ठरे. १८७३ मध्ये कॉलेज गर्टनला, शहरापासून चारेक किलोमीटरवर, स्वतःच्या इमारतीत आलं.

डेव्हिसबाईंचा नियम एकच आणि कडक : मुलग्यांना जे लागू ते सगळं मुलींना लागू. त्यात ‘लिटल-गो’ ही प्राथमिक परीक्षा आली. तिच्यासाठी लॅटिन लागे, ग्रीक लागे. मुलग्याने जे दहा वर्षांत शिकलेलं असे ते विशीतल्या मुलीने पहिल्या वर्षभरात उरकायचं, आणि मग ट्रायपॉसची, म्हणजे आपल्या विषयातल्या शेवटच्या परीक्षेची, तयारी उरलेल्या वेळात. कारण एकूण मुदतही मुलग्यांइतकीच. ह्यात मुली दमत, मागे पडत.

१८७१ मध्ये केंब्रिज शहरातच दुसरं वसतिगृह निघालं. हेन्री सिजविक ह्या तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाने घर भाड्याने घेतलं आणि अ‍ॅन क्लफ यांच्या देखरेखीखाली तिथेही पाचच मुली राहायला आल्या. हेच पुढे न्यूनम कॉलेज. सिजविकना ग्रीकची सक्ती मुलग्यांसाठीही निरर्थक वाटे. मग ती मुलींच्या गळ्यात कशाला बांधायची? न्यूनममध्ये मुलगी आपल्या तयारीनुसार विषय घेई, हवा तेवढा वेळ घेई, ट्रायपॉस दिली नाही तरी चाले.

कोण बरोबर होतं? शिक्षण म्हणून पाहिलं तर सिजविक. राजकारण म्हणून पाहिलं तर डेव्हिस. मुलींसाठी वेगळा, सोयीचा रस्ता केला की त्या रस्त्याला कायम ‘बायकांचा’ म्हणून कमी लेखलं जाणार, हे त्यांनी ओळखलं होतं. फ्रान्सने नेमकं तेच करून दाखवलं : १८८० च्या कायद्याने मुलींसाठी सरकारी माध्यमिक शाळा काढल्या, पण त्यांच्या अभ्यासक्रमात लॅटिन ठेवलं नाही आणि शेवटी बाकालोरेआ परीक्षाही ठेवली नाही. ती परीक्षा म्हणजे विद्यापीठाचा दरवाजा. तो अभ्यासक्रम मुलग्यांच्या बरोबरीला यायला १९२४ साल उजाडलं.

खर्चाचंही पाहायला हवं. गर्टनची फी राहणं, जेवण आणि शिकवणी धरून वर्षाला १०५ पौंड. म्हणजे गव्हर्नेस म्हणून काम करणारी बाई आपला दोन वर्षांचा अख्खा पगार घालूनही तिथे एक वर्ष काढू शकली नसती. न्यूनम त्याहून स्वस्त. तरी दोन्हीकडे येणाऱ्या मुली बहुतेक डॉक्टर, वकील, पाद्री, कारखानदार यांच्या घरच्या. कामगारवर्गातल्या मुलींचा ह्या सगळ्याशी संबंध फार उशिरा आला.

दिवस कसा जाई

गर्टनमध्ये प्रत्येक विद्यार्थिनीला दोन खोल्या मिळत, झोपायची आणि बसायची. एकोणिसाव्या शतकातल्या अविवाहित मुलीला स्वतःचं दार, स्वतःचं टेबल आणि ते दार आतून बंद करायचा हक्क मिळणं ही अभ्यासक्रमापेक्षाही मोठी गोष्ट होती, असं माझं मत आहे. घरी तिला पाहुण्यांसमोर बसावं लागे, आजारी माणसाची उठबस करावी लागे, धाकट्यांना शिकवावं लागे. इथे सकाळचे चार तास तिचे होते.

बाहेर मात्र बंधनंच बंधनं. पुरुषांच्या व्याख्यानाला जायचं तर त्या प्राध्यापकाची मेहेरबानी लागे. १८७३ पर्यंत ३४ पैकी २२ प्राध्यापकांनी हो म्हटलं होतं. हक्क असा काही नव्हता. सोबत शॅपरोन, म्हणजे पाठराखीण म्हणून एखादी वयस्क बाई, वर्गात बसे. गर्टनच्या मुली सुरुवातीला घोडागाडीने शहरात जात. १८९० च्या दशकात सायकल आली आणि ते चार किलोमीटर त्यांच्या हातात आले. विज्ञान शिकणाऱ्यांना प्रयोगशाळेत जागा मिळायची मारामार, म्हणून १८८४ मध्ये स्त्रियांसाठी बॅल्फर जीवशास्त्र प्रयोगशाळा वेगळी काढावी लागली.

रात्री दहाच्या सुमाराला कोणा एकीच्या खोलीत शेगडीपाशी कोको पीत मैफल जमे. एकमेकींना ‘मिस अमुक’ म्हणायची पद्धत. पहिल्या नावाने हाक मारायची असेल तर मोठ्या वर्गातल्या मुलीने लहान वर्गातलीला तसं रीतसर सुचवायचं, उलट चालत नसे. गर्टनच्या मुलींनी स्वतःचं अग्निशमन दलही उभारलं होतं आणि त्याची कवायत नेमाने होई. गावापासून दूर, प्रत्येक खोलीत विस्तव आणि दिवे. त्यामुळे हा नुसता हौसेचा खेळ नव्हता.

ह्याच काळात डॉक्टरांचा आक्षेप जोरात होता. हेन्री मॉड्स्ली ह्या मानसरोगतज्ज्ञाने १८७४ मध्ये लिहिलं की अभ्यासाने मुलींची शक्ती खर्ची पडते आणि त्या मातृत्वाला निकामी होतात. एलिझाबेथ गॅरेट अँडरसन ह्या डॉक्टरबाईंनी लगेच उत्तर दिलं, पण पुराव्याचं काम केलं हेन्री सिजविक यांच्या पत्नी एलिनॉर सिजविक यांनी. त्यांनी केंब्रिज-ऑक्सफर्डच्या पाचशेहून अधिक विद्यार्थिनींच्या तब्येतीची माहिती गोळा केली आणि १८९० मध्ये छापली. खुबी तुलनेत होती. सर्वसाधारण बायकांशी तुलना केली असती तर ‘ह्या श्रीमंत घरच्या, म्हणून धडधाकट’ असं कोणीही म्हटलं असतं. म्हणून त्यांनी ह्याच मुलींच्या कॉलेजात न गेलेल्या सख्ख्या बहिणींशी ताडून पाहिलं : घर तेच, अन्न तेच, रक्त तेच. शिकलेल्या बहिणींची तब्येत न शिकलेल्यांपेक्षा वाईट निघाली नाही.

परीक्षा मिळाली, कारण ती स्वस्त होती

सुरुवातीला ट्रायपॉस द्यायची तर प्रत्येक परीक्षकाकडे स्वतंत्रपणे विनंती करावी लागे. गर्टनच्या पहिल्या तिघी, लुइझा लम्सडेन, रेचल कुक आणि सारा वुडहेड, १८७२-७३ मध्ये शहरातल्या युनिव्हर्सिटी आर्म्स हॉटेलच्या खोलीत बसल्या आणि निरोप्याने प्रश्नपत्रिका आणून द्यायची वाट पाहत राहिल्या. एका जरी परीक्षकाने नकार दिला असता तर सगळं तिथेच संपलं असतं.

१८८० मध्ये गर्टनच्या शार्लट स्कॉट गणितात आठव्या क्रमांकाच्या रँग्लरच्या तोडीच्या ठरल्या. गणिताच्या ट्रायपॉसमध्ये पहिल्या वर्गात येणाऱ्याला रँग्लर म्हणतात. त्यांचं नाव यादीत वाचायचं नव्हतं. आठवा क्रमांक आला तेव्हा सभागृहातल्या मुलग्यांनीच ‘स्कॉट ऑफ गर्टन’ असा गलका केला. त्याच्या बळावर अर्ज फिरले आणि २४ फेब्रुवारी १८८१ ला सेनेटने ठराव केला : गर्टन आणि न्यूनमच्या मुलींना ट्रायपॉसला बसायचा हक्क. बाजूने ३९८, विरुद्ध ३२.

ठरावातली कलमं नीट वाचली की त्याचं माप कळतं. मुलींचा निकाल वेगळ्या यादीत, पुरुषांच्या यादीत त्या कुठे बसल्या असत्या हे लिहून. पदवीऐवजी प्रमाणपत्र. आणि फक्त ऑनर्सची, म्हणजे वरच्या दर्जाची ट्रायपॉस परीक्षा. केंब्रिजमधला मध्यम बुद्धीचा मुलगा साधी ‘पास’ पदवी घेऊन बाहेर पडे आणि सेनेटमध्ये मतदानाला येई. मुलीला मात्र हुशारच असावं लागे.

तशा त्या होत्या. १८८७ मध्ये अ‍ॅग्नाटा रॅम्झी अभिजात भाषांच्या परीक्षेत पहिल्या वर्गाच्या वरच्या विभागात एकट्याच आल्या. एकही पुरुष त्या विभागात नव्हता. १८९० मध्ये न्यूनमच्या फिलिपा फॉसेट गणितात ‘सीनियर रँग्लरच्या वर’, म्हणजे सगळ्यांत पहिल्या आल्या. वर्षातल्या सर्वोत्तम गणितज्ञाचा किताब मात्र दुसऱ्या आलेल्या मुलग्याला गेला, कारण मुलींचा निकाल वेगळ्या यादीत लागे.

आता सगळ्यांना वाटलं, गुणवत्ता सिद्ध झाली, पदवी येईलच. इथेच अंदाज चुकला. १८९७ मध्ये नुसत्या उपाधीचा, म्हणजे सभासदत्वाविना बी.ए. म्हणवून घेण्याचा प्रस्ताव आला. विरोधकांचं म्हणणं सरळ होतं : आज उपाधी दिली तर उद्या मत मागतील. २१ मे ला मतदान झालं. मत द्यायला केंब्रिजमध्ये स्वतः यावं लागे, म्हणून देशभरातले एम.ए. रेल्वेने आले, लंडनहून खास गाड्या सुटल्या. सेनेट हाउससमोरच्या पुस्तकाच्या दुकानावर सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा टांगला होता. विरुद्ध सुमारे १,७०० मतं, बाजूने ६६० च्या आसपास. निकालानंतर मुलग्यांनी तो पुतळा खाली ओढून फाडला आणि त्याचे तुकडे न्यूनमच्या फाटकातून आत कोंबले. १८८१ आणि १८९७ चे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. मधल्या काळात मुली उलट जास्त चांगल्या निघाल्या होत्या. बदलली होती ती फक्त मागणी.

एक पळवाट मात्र सापडली. केंब्रिज, ऑक्सफर्ड आणि डब्लिनचं ट्रिनिटी कॉलेज एकमेकांच्या पदव्या मान्य करून आपली पदवी देत. ट्रिनिटीने १९०४ मध्ये स्त्रियांना प्रवेश दिला, आणि केंब्रिज-ऑक्सफर्डच्या परीक्षा पास झालेल्या स्त्रियांनाही हा नियम लावला. १९०७ पर्यंत सातशेहून अधिक बायका आगबोटीने आयर्लंडला गेल्या, फी भरून पदवी घेऊन परत आल्या. ह्यांना स्टीमबोट लेडीज म्हणत. त्या काळातल्या एखाद्या इंग्रज मुख्याध्यापिकेच्या नावापुढे डब्लिनची एम.ए. दिसली आणि चरित्रात ती केंब्रिजला शिकली असं असेल, तर गोंधळून जाऊ नये. दोन्ही खरं असतं.

शेवटी नियम कोणी बदलला

पहिल्या महायुद्धानंतर ऑक्सफर्डने १९२० मध्ये पूर्ण पदवी दिली. केंब्रिजने त्याच वर्षी पूर्ण सभासदत्व फेटाळलं आणि ऑक्टोबर १९२१ मध्ये १८९७ ची ती उपाधी देऊ केली. तेवढ्यावरही समाधान न झालेला मुलग्यांचा जमाव हातगाडी घेऊन न्यूनमवर चालून गेला आणि अ‍ॅन क्लफ यांच्या स्मरणार्थ बसवलेली काशाची फाटकं त्यांनी फोडली.

निर्णायक बदल झाला तो १९२६ मध्ये, आणि तो फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही. नव्या नियमावलीने रोजच्या कारभाराची सत्ता देशभर विखुरलेल्या एम.ए. मंडळींकडून काढून ‘रीजंट हाउस’कडे, म्हणजे केंब्रिजमध्ये प्रत्यक्ष शिकवणाऱ्या-राबवणाऱ्या लोकांकडे दिली. ज्यांनी स्त्रियांना रोज शिकवलं होतं त्यांना त्यांची भीती वाटत नव्हती. भीती होती ती तीस वर्षांपूर्वीचं केंब्रिज मनात घेऊन गाडीने येणाऱ्यांना. त्याच नियमावलीने स्त्रियांना विद्यापीठाच्या नोकऱ्या खुल्या केल्या. त्यामुळे विचित्र प्रसंग उभा राहिला : १९३९ मध्ये पुरातत्त्वज्ञ डोरोथी गॅरड केंब्रिजच्या पहिल्या स्त्री प्राध्यापक झाल्या, पण विद्यापीठाच्या सभासद नसल्यामुळे त्यांना कारभारात मत नव्हतं.

डिसेंबर १९४७ मध्ये पूर्ण सभासदत्वाचा ठराव रीजंट हाउससमोर आला आणि विरोधाविना मंजूर झाला. १९४८ पासून तो अमलात आला. पहिली पदवी त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सहाव्या जॉर्जच्या राणीला, सन्मान म्हणून.

पदवीचा प्रश्न मिटला तरी जागांचा उरला. आधी विद्यार्थिनींची संख्या ५०० वर बांधलेली होती. १९५४ मध्ये न्यू हॉल निघेपर्यंत मुलींना दोनच कॉलेजं होती, आणि पुरुषांची वीसच्या आसपास. म्हणजे पदवी समान, पण ती मिळवायला आत शिरायची संधी फार कमी. पुरुषांच्या कॉलेजांपैकी चर्चिल, क्लेअर आणि किंग्ज यांनी १९७२ मध्ये मुली घेतल्या, गर्टनने १९७९ मध्ये मुलगे घेतले. न्यूनम आजही फक्त स्त्रियांचं आहे. पुरुषांच्या कॉलेजांत सगळ्यात शेवटी, १९८८ मध्ये, मॉडलिन कॉलेजने मुलींना प्रवेश दिला, आणि तिथल्या काही मुलग्यांनी त्या दिवशी दंडाला काळ्या फिती बांधल्या.